चपला काढायच्या जागी

पहिल्या वर्षी जागा मिळाली जनरेटरच्या मागं.
दोनशे रुपये भाडं, पावतीवर मोर्ज्यांच्या भाईंची सही.
शाळेतलं बाक, त्यावर माझ्या लग्नातला शेला, उलटा,
सुलट बाजूवर हळद सांडलेली म्हणून.
भिरंडेलाच्या बावीस डब्या.
मे महिन्यात रातांब्याच्या बिया वाळवल्या, फोडल्या,
कांडल्या, कढवल्या, वर आलेलं तेल थिजेपर्यंत बसून राहिले,
आणि लेबल आलं कुडाळच्या छापखान्यातून:
'टाचांच्या भोगांवर खात्रीचा उपाय.'
भेगांना एक काना जास्त लागला होता.
दोनशे लेबलं. परत कोण घेणार?

लोक खाजं घ्यायला धावत होते,
माझ्यापुढून जाताना हातानं डिझेलचा धूर वारत.
एकीनं विचारलं, "ह्यां काय गे? साबण?"
"नाय गे बाय, भिरंडेल."
"तां आमच्याकडे आसाच."
ती वळली तशी तिची टाच दिसली,
एप्रिलमधल्या कुणग्यासारखी.
विकल्या दोन. त्यातली एक माझ्या नणंदेनं घेतली.

मग वर्षभर मी माणसांची तोंडं सोडून पाय बघत राहिले.
एसटीच्या पायरीवर, रेशनच्या रांगेत,
बारशाला बायकांनी साडीखाली ओढून घेतलेले.
टाच लपवायला जागा नसते
ती एकाच ठिकाणी.

दुसऱ्या वर्षी भाईंना म्हटलं, मला चपलांपाशी बसवा.
"थंय? थंय कोण बसता?"
हसले, आणि पन्नास रुपये कमी केले.

बाकापुढं बुटकं स्टूल, एक उघडी डबी,
पुसायला जुन्या लुगड्याचा तुकडा.
पहिला तासभर लोक माझ्याकडे चपला सांभाळायला देत राहिले.
सांभाळल्या. सात जोड, आणि एक काठी.
देवदर्शन करून परत येणारा माणूस
निदान एकदा तरी तोंडाकडे बघतो.

रेवती तांडेल आली, सातेरीची ओटी भरून.
पाय वर ठेवेना.
मीच म्हटलं, ठेव.
मिठाच्या पाण्यानं चिरलेली टाच,
एका भेगेत वाळू, दुसरीत थोडं लाल.
चार माणसं बघत होती. ती ओशाळली,
मग डोळे मिटून घेतले तिनं.
निघताना डबी तोंडाजवळ धरून लेबल वाचलं,
अक्षराला अक्षर लावत: टा-चां-च्या भो-गां-वर.
"खरां लिवलंस गे," म्हणाली.
तीन घेतल्या. एक जावेला,
"बोलणां नाय आमचां, तरी."

त्यानंतर चौदा गेल्या, की पंधरा.
एकीचे पैसे द्यायला आलेला मुलगा
पैसे न देताच खाज्याकडे गेला, त्यामुळे हिशेब लागत नाही.

रात्री अडीच. दशावतार रंगात.
पेटीवाल्यानं सूर ताणून धरलेला
आणि माझ्या बाकाशी तारामती उभी.
कपाळावर चंद्रकोर, पावडरीतून वर आलेले दाढीचे खुंट,
पाय अनवाणी.
"माका एक व्हयी. सुट्टे नाय.
आडेलीच्या जत्रेत देतंय."
नाव म्हणाला गणू मेस्त्री.
दिली.
त्यानं लुगडं जरा उचललं, एका पायावर तोल धरून
टाचेला लावलं, मग दुसऱ्या टाचेला,
बोटाला उरलेलं ओठांवर फिरवलं.
"गणू, चल रे!" आतून हाक आली.
तिकडे काशीच्या बाजारात
तिला विकायला काढायची वेळ झाली होती.

पैसे अजून आलेले नाहीत.
पण आडेलीला मी बाक मांडत होते, शेला अजून अंथरलाही नव्हता,
आणि चपलांच्या कडेला एक म्हातारा
पिशवी काखेत धरून थांबलेला:
"तारामती पायांक लावता
तां तुमीच विकतास मां?"